शरकर्ता गुरू आणि माझा एक बाण



यंदाच्या दत्तजयंती अंकात चोवीस गुरूंवर एकेकाने लिहायचं असं ठरलं आणि कोणी कोणता गुरू घ्यायचा यासाठी मंदिरात चिठ्ठ्या टाकल्या. पृथ्वी, समुद्र, पिंगला, अजगर अशा चिठ्ठ्या निघत गेल्या. माझ्या हाती आली ती ‘शरकर्ता’. म्हणजे बाण तयार करणारा कारागीर. शेजारी बसलेले एक जण म्हणाले, “अण्णा, तुम्हाला सोपा आला. एकाग्रतेवर चार पानं लिहा, झालं काम.” मी मान हलवली. चिठ्ठी घरी आणून देव्हाऱ्यात ठेवली आणि दोन महिने कागदाला हात लावला नाही. का लावला नाही, ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, हे उशिरा लक्षात आलं.

आधी गुरूची गोष्ट. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजा एका अवधूताला विचारतो की, बाबा रे, तुझ्याजवळ काही नाही, तरी तू इतका आनंदात कसा? तेव्हा अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. हे अवधूत म्हणजेच आपले दत्तमहाराज, अशी आपली श्रद्धा. नाथमहाराजांनी याच स्कंधावरची आपली टीका 1573 साली काशीत पूर्ण केली, त्यामुळे मराठी घरात हे गुरू पोथीच्या आधी आजीच्या तोंडून येतात. नवव्या अध्यायात शरकर्ता आहे. गोष्ट एवढीशीच. एक कारागीर बाण सरळ करत बसला होता. शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत निघून गेली. याला पत्ताच नाही. मन असं एका जागी लागावं, एवढं अवधूत त्याच्याकडून शिकला.

कीर्तनात यावर जे सांगतात ते आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे आणि ते खरंच आहे. पण मला या गोष्टीत नेहमी एक खडा लागत आला. तो बाण पुढे कोणाच्या भात्यात गेला? कोणाला लागला? आणि नुसती एकाग्रता हा गुण म्हणायचा का? बगळासुद्धा एका पायावर तासभर एकाग्र उभा असतो. त्याला आपण बकध्यान म्हणतो आणि हसतो.

ही शंका मला पुस्तकातून आलेली नाही. मी सोळा वर्षांचा होतो तेव्हा आली.

आमचं मूळ गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठी, इनामगावच्या शेजारची वाडी. पुढे मी दौंडला रेल्वेत लागलो, तिथेच घर केलं, तिथूनच निवृत्त झालो. पण पहिली सतरा वर्षं त्या माळावर गेली. तेव्हा आजच्यासारखा ऊस नव्हता. बाजरी, मटकी, हुलगा, नदीच्या कडेला थोडा हरभरा आणि मध्ये मैलोन्‌मैल कुसळी गवत. माळावर काळविटांचे कळप दिसत. लांडगे होते. आमच्या वाडीत रानाची राखण करायला एक म्हातारा भिल्ल होता. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याची माणसं अजून आहेत. आम्ही पोरं त्याला बाबाच म्हणायचो. त्याच्याजवळ कळकाचा कामठा होता. दोरीसुद्धा कळकाच्याच चिरफळीची. गुरं घेऊन गेलो की मी त्याच्या खोपटाशी जाऊन बसायचो.

शरकर्ता मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. बाण करायला घेतला की बाबा कोणाशी बोलत नसे. काडी निखाऱ्यावर धरायची, ऊब आली की गुडघ्यावर दाबायची, मग एक डोळा मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं. पुन्हा निखाऱ्यावर. पुन्हा दाबायची. एका काडीला अर्धी सकाळ जायची. मोराची गळलेली पिसं, मागे दोरीसाठी खाच, पुढे जुन्या खिळ्याचं ठोकून केलेलं पातं. मी एकदा विचारलं, एवढं कशाला, लांबून काय दिसतंय? तो म्हणाला, “हातात वाकडा दिसत न्हाय, तो पल्ल्यावर गेल्यावर वाकडा दिसतो.”

मला शिकव म्हणून मी मागे लागलो. त्याने महिनाभर ऐकलं नाही. मग एक दिवस नदीच्या दरडीपुढे उभं केलं. तीन पावलांवर. समोर नुसती माती, नेम धरायला काहीच नाही. आणि वर म्हणाला, डोळे मीट. असे पंधरा दिवस. मला लाज वाटायची, की कोणी पाहिलं तर काय म्हणेल, पोरगं मातीला बाण मारतंय, तेही डोळे मिटून. पण त्याला बाण कुठे लागतो याच्याशी तेव्हा काही कर्तव्य नव्हतं. तो माझं बोट बघत होता. दोरी ओढली की उजव्या हाताचं पहिलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे. रोज, दर बाणाला, तिथेच. “आज व्हटाला लावलंस, उद्या कानाला, तर बाणानं तरी काय करावं?” दोरी सोडायची म्हणजे बोटं झटकायची नाहीत, नुसती सैल पडू द्यायची. आणि बाण सुटला तरी डावा हात खाली टाकायचा नाही, तो पोचेपर्यंत तसाच ठेवायचा. हे शेवटचं मला सगळ्यात अवघड गेलं. बाण कुठे गेला ते बघायची घाई असते ना.

मग गोवरी आली. दरडीत काडी खुपसून तिच्यावर एक गोवरी अडकवायची. पाच पावलांवरून पाचही बाण गोवरीत गेले तर दहा पावलं. दहावरून पाच गेले तर पंधरा. चार गेले तर पुन्हा मागच्या जागेवर. तो चिडत नसे, ओरडत नसे. नुसता मागच्या खुणेकडे हात करायचा. आणि त्याचा एक नियम होता, जो मला तेव्हा जुलमी वाटायचा. सकाळी आल्या आल्या जो पहिला बाण सुटेल तोच तो धरायचा. “धा मारून मग अकरावा लागला, त्यात काय? रानात अकरावा नसतो. रानात पयलाच असतो.” म्हणून मला पळत यायला लावायचा, धाप लागलेली असतानाच उकिडवं बसवायचा आणि म्हणायचा, मार आता.

गोवरीच का, तेही सांगितलं त्याने. हरणाच्या पुढच्या पायाच्या मागे, कुशीत, भाकरीएवढी जागा असते. बाण तिथे गेला तर जनावर फार लांब जात नाही. “बाकी सगळं हरीण म्हंजी नुसती जखम.” म्हणून उभं राहिलेलं, आडवं असलेलं, मध्ये काटूक नसलेलं जनावर. पळणाऱ्यावर नाही. झुडपातून नाही, कारण काडीला लागून बाण फिरतो. आणि वीस पावलांच्या आत. जन्मभर कामठा धरलेल्या त्या माणसाची हद्द वीस पावलं होती. एकवीस नाही. कित्येक संध्याकाळी तो रिकाम्या हाताने येताना मी पाहिलाय, आणि त्याच्या घरात चार खाणारी तोंडं होती.

त्याच हिवाळ्यात इनामगावच्या पांढरीवर डेक्कन कॉलेजचं उत्खनन चाललं होतं. 1968 ला सुरू झालं ते 1983 पर्यंत चाललं. आमच्याकडची पोरं पाट्या टाकायला जायची, मीही गेलो थोडे दिवस. तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनी, रांजण, चुली असं निघत होतं. आणि हाडं. त्यांत काळविटाचीही होती. पुढे वाचनात आलं की तिथे पाऊस कमी होत गेला, शेती पिकेना, तेव्हा ती माणसं शिकारीवर जास्त जगू लागली. म्हणजे आमच्या त्या माळावर भुकेपोटी बाण सोडणं फार जुनं आहे. बाबा त्यांच्यातला होता. मी नव्हतो. माझ्या घरी बाजरीची कणगी भरलेली होती.

मला दहा पावलांवर पाचात पाच जमू लागले होते. पंधरावर चार. वीसवर तीन, कधी चार. बाबाने अजून रानात नेलं नव्हतं.

माघ महिना होता, 1969 सालचा. आमच्या विहिरीपलीकडे एक लिंब होता आणि त्याच्या पुढे हरभरा. पहाटे मी कामठा घेऊन एकटाच गेलो. खरं सांगायचं तर शिकारीला म्हणून गेलो असंही नाही. गोवरीवर पहिला बाण मारायचा, एवढंच डोक्यात होतं. विहिरीच्या थारोळ्याआड पोचलो आणि लिंबाखाली काळवीट. एकटा नर, आडवा उभा, मान खाली. मी अंतर मोजलं. पंचवीस पावलं, असं मनाशी म्हणालो. पाच पावलांचा तर प्रश्न. पुढचं काय सांगू? बोट ओठाला लागलं की नाही ते मला आजही आठवत नाही. गावात मिरवत येतोय, ते दृश्य मात्र दिसत होतं. बाण लागल्याचा आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आला. तो मागे लागला होता, पोटात. काळवीट एकदा उंच उडालं आणि बाण घेऊन पळालं.

मी दुपारपर्यंत शोधलं. हरभऱ्यात थोडं रक्त, मग गवतात काहीच नाही. घरी आलो, कामठा वैरणीत लपवला, जेवलो. कोणाला बोललो नाही. जेवलो, हे मुद्दाम लिहिलं.

तिसऱ्या दिवशी बाबा घरी आला. आईला म्हणाला, पोराला जरा न्हेतो, काम हाय. मला ओढ्याकडे नेलं. वर घारी फिरत होत्या. काळवीट पाण्याच्या कडेला पडलेलं होतं. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ओल्या मातीत त्याने पाय घासल्याच्या खुणा होत्या, एकाच जागी, कितीतरी. बाबा बराच वेळ त्या खुणांकडे बघत बसला. मला वाटलं आता मारेल. त्याने विचारलं, “किती पावलं?” मी म्हणालो, “पंचवीस.” तो म्हणाला, “दोन राती लागल्या याला.”

मग त्याने बाण काढला, ओढ्यात धुतला आणि माझ्या हातात दिला. “तुझा हाय.” त्यानंतर मला कामठा धरू दिला नाही, आणि मीही मागितला नाही. पुढच्या वर्षी तो वारला. तो बाण माझ्या पत्र्याच्या पेटीत आहे. दौंडला तीन घरं बदलली, पेटी बदलली नाही.

आता माझ्या शंकेकडे येतो.

नेमबाजी म्हटलं की आपल्याला द्रोणाचार्यांची परीक्षा आठवते. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, हे शाळेतलं पोरही सांगतं. महाभारतात खरं तर पक्ष्याचं डोकं म्हटलंय, पण ते असू द्या. त्यात एक गोष्ट आहे तिकडे लक्ष जात नाही. तो पक्षी जिवंत नव्हता. आचार्यांनी कारागिरांकडून मुद्दाम करवून घेऊन झाडावर बसवलेला होता. राजपुत्रांची चूक व्हायची ती लाकडावर व्हावी. हुकणाऱ्या हाताला जीव नेमायला द्यायचा नाही, ही त्या परीक्षेची पहिली अट होती. बाबाची गोवरी तीच. त्याने महाभारत वाचलं नव्हतं.

मग नेम पक्का झाला की झालं का? तसंही नाही. दशरथाचा हात पक्का होता. आवाजावर बाण मारण्याइतका पक्का. शरयूच्या काठी अंधारात घागर बुडल्याचा आवाज आला, त्याला हत्ती पाणी पितोय असं वाटलं, बाण सुटला आणि अगदी बरोबर लागला. बरोबर लागला म्हणून तर श्रावणबाळ गेला. हाताची सगळी साधना पुरी, आणि समोर कोण आहे ते पाहिलेलंच नाही. माझं उलट होतं. समोर काय आहे ते मला लख्ख दिसत होतं, माझा हात कुठवर जातो ते मी पाहायला तयार नव्हतो.

आणि तिसरा बाण. हा फार जवळचा आहे, कारण तो त्याच अकराव्या स्कंधात आहे जिथे आपले चोवीस गुरू आहेत. नवव्या अध्यायात बाण करणारा गुरू म्हणून येतो, आणि तिसाव्या अध्यायात जरा नावाचा व्याध येतो. भगवान पिंपळाखाली बसलेले असतात. जराला त्यांचा पाय हरणाच्या तोंडासारखा दिसतो आणि तो बाण सोडतो. बाणाचं पातं कशाचं? ऋषींच्या शापातून निघालेल्या मुसळाचा उरलेला तुकडा, समुद्रात टाकलेला, माशाने गिळलेला, त्याचं. एवढ्या लांबून फिरत आलेलं लोखंड कोणीतरी बसून बाणाला लावलं असेल, नीट, एकाग्र होऊन. पोथीचं पारायण करताना मी या दोन अध्यायांच्या मध्ये बऱ्याचदा थांबलोय. एकाच ग्रंथात, एकाच स्कंधात, बाण करणारा गुरू आहे आणि बाण सोडणारा पाया पडून रडतोय.

मग मी चोवीस गुरूंची यादी पुन्हा पाहिली. त्यात हरीण गुरू आहे, पारधी नाही. मासा आहे, गळ टाकणारा नाही. हत्ती आहे, खड्डा खणणारा नाही. कपोताच्या गोष्टीत जाळं टाकणारा येतो आणि पाखरं घेऊन जातो, पण गुरूपद कपोताला. (मध काढून नेणारा तेवढा गुरूंच्या यादीत आहे. तो अपवाद मला नीट उलगडलेला नाही.) धनुष्यबाणाच्या सगळ्या व्यवहारातून अवधूताने उचलला तो बाण सुटण्याच्या आधीचा माणूस. ज्याच्या हातात अजून सगळं दुरुस्त करण्यासारखं आहे. काडी वाकडी असेल तर पुन्हा निखाऱ्यावर धरता येते. सुटलेल्या बाणाला निखारा नाही.

मला वाटतं, शरकर्त्याला राजाची स्वारी दिसली नाही यात दोन गोष्टी आहेत. एक, तो आपल्या कामात होता. दुसरी म्हणजे राजाने आपल्याला पाहावं असं त्याला वाटत नव्हतं. बगळ्याची एकाग्रता माशासाठी असते. माझी त्या पहाटे गावच्या वेशीसाठी होती. बाबाच्या खोपटाशी जे चालायचं ते मात्र बाणासाठीच होतं, आणि म्हणून त्याला आपली हद्द ठाऊक होती. हे मला उशिरा कळलं, की तो मला पाच बाण मारायला लावत होता ते माझं धाडस वाढावं म्हणून नव्हे. हात कुठे संपतो, ते मला कळावं म्हणून. ज्याने सराव केलेला नाही त्याला सगळंच आटोक्यातलं वाटतं. वीस पावलांवर तीन लागणाऱ्या पोराने पंचवीसवर बाण टाकला, याला मी चूक म्हणत नाही. चूक नकळत होते. मला तिनाचा आकडा माहीत होता.

रेल्वेत मी आधी सांधेवाला होतो, मग केबिनमध्ये. तिथला कायदा असा, की आधी सांधा जुळवायचा, मग त्याला कुलूप, आणि मगच सिग्नल पडणार. सांधा बसलेला नसेल तर सिग्नलचा दांडा हलतच नाही, तुम्ही कितीही जोर लावा. मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला तो ओढा आठवला. वाटलं, माणसाच्या हाताला असं कुलूप असतं तर. घरात जे बोलून बसतो आपण, सुनेला, भावाला, तेही त्यातच आलं. पण त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

एक प्रश्न मला कीर्तनकारांनी विचारला होता, मी हे त्यांच्यापाशी आडून काढलं तेव्हा. ते म्हणाले, म्हणजे तो बाण बरोबर लागला असता तर पाप नव्हतं का? माळकरी माणसाने मुळात मारायचंच कशाला? मला याचं गुळगुळीत उत्तर देता येत नाही. मीही माळ घातलीय, तीस वर्षं झाली. पण मी बाबाला पापी म्हणणार नाही. त्याच्या चुलीवर जे शिजायचं त्याची किंमत तो रोज सकाळी गोवरीवर मोजून भरत होता, आणि कितीदा उपाशी राहून भरत होता. माझ्या बाणाची किंमत दुसऱ्याने भरली, दोन रात्री. आता तर कायदाच आहे. 1972 पासून वन्य प्राण्यांची शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. कायद्याने हरीण वाचलं. सोळा वर्षांच्या पोराच्या मनातली वेस तेवढी कायद्याने जात नाही.

आणि क्षमेचं काय? जराला भगवंतांनी सांगितलं की भिऊ नकोस, आणि त्याला सद्गती दिली. जो दुखावला तोच क्षमा करायला समोर होता. माझं काळवीट मुकं होतं. मी गाणगापूरच्या किती वाऱ्या केल्या असतील. दौंडहून गाडीत बसायचं, कुर्डुवाडी, सोलापूर, अक्कलकोट रोड करत जायचं. आपल्या दौंडच्या पुलाखालून गेलेली भीमाच तिथे अमरजेला भेटते, आणि आमची घोड आधीच तिच्यात मिळालेली असते. म्हणजे त्या ओढ्याचं पाणी संगमावर येतंच. तिथे स्नान करताना मी दर वेळी मनात म्हणतो. निर्गुण पादुकांपुढेही म्हणतो. ऐकलं जातं, अशी श्रद्धा आहे. पण ज्याला लागला त्याच्यापर्यंत ते पोचलं का, हे मला पादुकांपुढेही विचारायचं धैर्य झालेलं नाही.

आता हे सगळं आजच का काढलं, तर नातवामुळे. तो चौदा वर्षांचा आहे आणि धनुर्विद्या शिकतो. त्या पोरांना आता चांगले दिवस आलेत. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी 2023 साली बर्लिनला जगज्जेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही झाला. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव तर टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आला. त्यांची धनुष्यं महागाची. आमच्या नातवाचं अजून बांबूचंच, ‘इंडियन राउंड’ म्हणतात ते. पहिल्या दिवशी घरी आला तो तोंड पाडून. म्हणाला, “आबा, सर नेम धरूच देत नाहीत. जवळ उभं करतात, समोर कागदच नाही, आणि डोळे मिटून मारा म्हणतात.” मी पेपर तोंडापुढे धरला. माझे डोळे भरून आले होते.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे गावी गेलो. रानडुकरांनी मका पार लोळवला होता. मुलगा वैतागलेला. थट्टेत म्हणाला, वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा होईस्तोवर काय राहतंय, त्यापेक्षा हा आहे ना आपला अर्जुन, बसवू माचावर. पोराने ते थट्टेत घेतलं नाही. मी पाहिलं, त्याचा चेहरा उजळला. रात्री तो अंगणात एकटाच रिकामी दोरी ओढून बघत होता. ते तोंड मी ओळखलं. त्या तोंडाला कायद्याची भीती घालून उपयोग नसतो.

सकाळी मी त्याला विहिरीवर नेलं. बरोबर पेटीतला बाण नेला होता. विहीर आता बुजत आलीय, पण थारोळ्याचे दगड आहेत, आणि लिंब आहे, चांगला घेरदार झालाय. मध्ये हरभऱ्याच्या जागी कडवळ होतं, नुकतंच कापून नेलेलं. थारोळ्यावर बसून मी त्याला सगळं सांगितलं, जेवलो तेसुद्धा. हे मी त्याच्या आजीलाही कधी सांगितलेलं नव्हतं. तो मध्ये बोलला नाही. बाण हातात घेऊन त्याने एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. म्हणाला, “आबा, हा अजून सरळ आहे.”

मग विचारलं, “तुम्ही इथे होता?”

“इथेच.”

“आणि ते लिंबाखाली?”

“बुंध्याच्या अलीकडे, हातभर.”

तो उठला आणि चालू लागला. सावकाश, मोजत, ओठ हलवत. माझी त्या वेळची ढांग त्याच्याएवढीच असणार, त्याचं अंग माझ्यावरच गेलंय. लिंबापाशी जाऊन थांबला, वळला. तिथून तो मला किती लहान दिसला. काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. मी कानाला हात लावला.

“चौतीस, आबा,” तो ओरडला. “चौतीस भरतात.”